चोरावर मोर

२००८ च्या पावसाळ्यात माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, एका जुन्या पुस्तकावर दोन हात एकदम पडले. एक माझा, दुसरा माझ्या मावसबहिणीचा. तिला घरात सगळे छकुली म्हणतात. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, कंपन्यांचे हिशेब तपासून पोट भरत होती, तरी छकुलीच. खरं तर आम्ही मावशीच्या साठीसाठी साडी घ्यायला निघालो होतो. पाऊस आला, आम्ही पुस्तकवाल्याच्या निळ्या ताडपत्रीखाली घुसलो आणि साडी राहून गेली. पुस्तकवाल्याने दोन हात पाहिले, दोन चेहरे पाहिले आणि शंभरच्या पुस्तकाची किंमत जागच्या जागी दीडशे केली. आम्ही तिघांत तेवढ्यापुरता सगळ्यात हुशार तोच होता.

पैसे मी दिले. घरी जाताना पिशवी छकुलीच्या खांद्याला होती. ते पुस्तक कुणाचं, हा वाद त्या दिवसापासून चालू आहे.

पुस्तक होतं स्कॉट लिंचचं 'द लाइज ऑफ लॉक लमोरा'. २००६ साली आलेलं. कॅमोर नावाचं कालव्यांचं शहर, व्हेनिसचं दूरचं नातलग वाटावं असं. फार पूर्वी कुणीतरी बांधून सोडून गेलेले काचेचे मनोरे त्यात उभे आहेत आणि सूर्य बुडाला की ते थोडा वेळ आपोआप उजळतात. या शहरात लॉक नावाचं एक अनाथ पोर आहे. चोरांची शाळा चालवणारा माणूस त्याला विकून टाकतो. कारण? हे पोर फार चोरतं! चोरांच्या शाळेतून जास्त चोरल्याबद्दल काढून टाकलेला विद्यार्थी. पहिल्या काही पानांतच मी या गृहस्थाच्या प्रेमात पडले. त्याला विकत घेणारा फादर चेन्स देवळाच्या पायरीवर साखळ्या अडकवून बसलेला आंधळा पुजारी आहे. म्हणजे लोकांच्या दृष्टीने आंधळा. प्रत्यक्षात त्याला सगळं दिसतं, आणि देवळाखालच्या तळघरात तो पोरांना स्वयंपाक, पंगतीचे रीतिरिवाज, परक्या भाषा आणि लबाडी या चारही गोष्टी सारख्याच कळकळीने शिकवतो.

पुढे हीच पोरं एका सरदाराला जो गंडा घालतात, तो मी आजवर किमान दहा जणांना चहावर सांगितला असेन. लॉक परदेशी व्यापारी बनून सरदाराकडून पैसे काढायला लागतो. इथवर नेहमीचं. मग एका रात्री तोच लॉक, वेगळ्या वेषात, सरकारचा गुप्त पोलीस म्हणून त्याच सरदाराच्या घरात शिरतो आणि सांगतो की तो व्यापारी भामटा आहे, तुम्ही फसवले जाताय. पण आम्हाला त्याला रंगेहाथ पकडायचंय, तेव्हा कृपा करून त्याला पैसे देत राहा. आता सरदार डोळे उघडे ठेवून, देशकार्य म्हणून, पैसे देतो. मी हे वाचलं तेव्हा कर्जतची गाडी घाटकोपरला थांबली होती आणि मी मोठ्याने हसले होते. चौथ्या सीटवर टेकलेल्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक मिटून घेतलं.

मी बँकेत नोकरी करते. आयुष्यात विनातिकीट प्रवास एकदाच केला, तोही पास संपलाय हे लक्षात न आल्याने, आणि दंड भरला. दुसऱ्याचं पेन चुकून पर्समध्ये आलं तर मला झोप लागत नाही. अशा बाईला चोरांच्या कादंबऱ्यांचं वेड कशासाठी, हा प्रश्न नवऱ्याने लग्नानंतर महिन्याभरात विचारला होता. तेव्हा मी "मजा येते" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं. मजा दरोड्याच्या बेतात असतेच. माझा जीव मात्र त्या दुसऱ्या माणसात अडकतो, जो चोराच्या मागावर असतो किंवा त्याच तिजोरीसमोर दुसऱ्या दाराने येऊन उभा राहतो. आपल्याकडे त्याला फार नेमका शब्द आहे: चोरावर मोर.

या प्रकारच्या गोष्टींचे आजोबा म्हणावेत असे फ्रिट्झ लायबर. त्यांची जोडगोळी फाफर्ड आणि ग्रे माउसर पहिल्यांदा छापून आली १९३९ साली. एक उत्तरेकडचा आडदांड, दुसरा बुटका, चपळ, करड्या कपड्यांतला. पण हे दोघे लान्खमार शहरात भेटले कसे, ती गोष्ट लायबरनी लिहिली १९७० मध्ये, म्हणजे तब्बल एकतीस वर्षांनी. ह्यूगो आणि नेब्युला ही दोन्ही पारितोषिकं तिला मिळाली. गोष्ट अशी: लान्खमारमध्ये चोरांचा रीतसर संघ आहे. संघाचे दोन चोर जवाहिऱ्याला लुटून धुक्यातून परत निघालेत. त्यांना लुटायला एका बाजूने फाफर्ड दबा धरून बसलाय. त्याच दोघांना, त्याच रात्री, त्याच ठिकाणी लुटायला दुसऱ्या बाजूने माउसर बसलाय. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. काम उरकल्यावर दोघे एकमेकांकडे बघतात. भांडायला हवं. पण दोघांनाही समोरच्याच्या हाताची सफाई दिसलेली असते, आणि मैत्री होते ती आयुष्यभराची. त्या रात्रीची किंमत त्यांना पुढे फार भयंकर मोजावी लागते, ते इथे सांगत नाही. माझ्यासाठी गोष्ट त्या नजरेत आहे. आपण केलेलं काम किती अवघड होतं हे कळणारा माणूस जगात एकच असतो, आणि तो नेमका तेच काम करायला आलेला असतो.

हे मला लान्खमारच्याही आधी माझ्या आजोबांनी सांगितलं होतं, फक्त ते मला उशिरा कळलं. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आजोबांचा एक पत्र्याचा ट्रंक होता. वरच्या थरात धार्मिक पोथ्या, खाली बाबूराव अर्नाळकर. झुंझार आणि काळापहाड. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या पाच-पन्नास तरी त्या ट्रंकेत असाव्यात. आजीला वाटायचं आजोबा दुपारी पोथी वाचतात. आजोबा पोथीच्या आत अर्नाळकर धरून वाचायचे. घरातला पहिला चोर मी असा पाहिला.

पण त्यांचा खरा लाडका चोर होता शर्विलक. देवलांचं 'मृच्छकटिक' त्यांनी साहित्य संघात पाहिलेलं, आणि मूळ शूद्रकाचं संस्कृत नाटक शाळेत त्यांच्या मास्तरांनी घोटून घेतलेलं. तिसऱ्या अंकात शर्विलक रात्री चारुदत्ताच्या घराची भिंत फोडायला येतो, तो प्रसंग आजोबा आम्हाला गॅलरीत बसून हातवारे करत सांगायचे. भिंत भाजलेल्या विटांची असेल तर विटा ओढून काढायच्या, कच्च्या विटांची असेल तर कापायची, मातीची असेल तर भिजवायची, लाकडाची असेल तर फाडायची. भोक कोणत्या आकाराचं पाडायचं? कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ. इथे भाजलेल्या विटा आहेत, तेव्हा पूर्णकुंभ शोभून दिसेल. मापाची दोरी घरी विसरली, तर गळ्यातलं जानवं आहेच! ब्राह्मणाला जानव्याचे किती उपयोग, हे शर्विलक प्रेक्षकांना समजावून सांगतो आणि आजोबा इथे आपलं जानवं ओढून दाखवत. भोक पडल्यावर तो आधी स्वतः शिरत नाही, एक खोटा पुतळा आत सरकवून बघतो. दार करकरू नये म्हणून पाणी शिंपडतो. दिवा विझवायला किडा सोडतो. हे सगळं झाल्यावर झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय दागिन्यांचं गाठोडं आपणहून त्याच्या हातात देतो, हा भाग मला लहानपणी सगळ्यात आवडायचा.

आता सगळ्यात आवडतो तो नंतरचा भाग. चारुदत्त जागा होतो, भिंतीतलं भगदाड पाहतो, आणि त्याच्या तोंडून पहिलं काय निघतं? वा, काय देखणं भोक आहे! मग त्याला वाईट वाटतं, की बिचारा चोर इतके कष्ट करून या कंगाल घरातून रिकाम्या हाताने गेला असणार. कुणी परगावचा किंवा नवशिका असावा, उज्जयिनीत आमची परिस्थिती कुणाला माहीत नाही? दागिने गेलेत कळल्यावर त्याला क्षणभर आनंद होतो. दागिने आपले नव्हते, वसंतसेनेची ठेव होती, हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. आजोबा म्हणायचे, "असा घरमालक मिळायला चोराचंसुद्धा नशीब लागतं."

मला हे चारुदत्तपण एकदा जमलं, तेही अर्धवटच. सात-आठ वर्षांपूर्वी संध्याकाळच्या गर्दीत दादरला गाडीत चढले, आणि कुर्ल्याच्या पुढे बसायला जागा मिळाल्यावर पर्स मांडीवर घेतली तर तळाशी चीर. पाकीट गेलेलं. ब्लेड मारलं होतं. रडू आलं, आधी कार्डं आठवली, मग लेकीचा एक पासपोर्ट साइझ फोटो. आणि हे सगळं होत असताना डोक्याच्या एका कोपऱ्यातून मी त्या चिरेकडे बघत होते. पट्टी ठेवून कापावी इतकी सरळ. अस्तराला धक्का नाही असं नाही, पण शेजारच्या कप्प्यातल्या डब्याच्या झाकणावर ओरखडासुद्धा नाही. त्या गर्दीत, जिथे मला स्वतःचा हात वर करून नाक खाजवता येत नव्हतं. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांना मी म्हणाले, "कट फार स्वच्छ आहे हो." त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पाकिटात रक्कम किती होती?"

तरी त्या रात्री घरी कादंबरी उघडवली नाही. पुस्तकातल्या चोराला चेहरा असतो, बालपण असतं, विनोद असतो. माझ्या चोराकडे माझ्या लेकीचा फोटो होता आणि माझ्याकडे त्याची फक्त चीर. कदाचित तिची. बायकांचा डबा होता.

हे प्रतिस्पर्ध्याचं प्रकरण ली बारदुगोने जितकं आतून लिहिलंय तितकं दुसऱ्या कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) आणि 'क्रूकेड किंगडम' (२०१६). अॅमस्टरडॅमच्या वळणाचं केटरडॅम बंदर, आणि तिथला सतरा वर्षांचा काझ ब्रेकर. हातात काठी, पाय लंगडा, हातमोजे कधी न काढणारा. तरुण मुलांसाठीची पुस्तकं म्हणून दुकानात ती वेगळ्या रांगेत ठेवतात. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर त्या रांगेत उभी राहून ती घेतली आणि काउंटरवरच्या मुलाला "भाचीसाठी" असं खोटं सांगितलं. भाचीला ती आजतागायत मिळाली नाहीत.

काझ आणि त्याचा मोठा भाऊ जॉर्डी गावाकडून केटरडॅमला आले तेव्हा लहान होते. शेती विकून आलेले पैसे जवळ होते. पेका रोलिन्स नावाच्या माणसाने सभ्य व्यापारी बनून, घरी जेवायला घालून, ते सगळे काढून घेतले. मुलं रस्त्यावर आली, साथीत सापडली, जॉर्डी मेला. काझ मेला समजून प्रेतांच्या ढिगात टाकला गेला आणि भावाच्या देहाला धरून पोहत किनाऱ्याला आला. त्यानंतर त्याला कुणाच्या कातडीचा स्पर्श सहन होत नाही, म्हणून ते हातमोजे. पुढची सगळी वर्षं त्याच्या डोक्यात एकच माणूस. पेका रोलिन्सला वीट वीट करून पाडायचं. आणि अखेर समोरासमोर आल्यावर काझ त्याच्याकडे एकच गोष्ट मागतो: माझ्या भावाचं नाव सांग. पेकाला ते आठवत नाही. त्याने इतक्यांना बुडवलंय की हा एक भाऊ त्याच्या लक्षातच नाही.

त्या पानावर मी बराच वेळ थांबले होते.

मी नववीत असताना बाबांनी एका ओळखीच्या गृहस्थाकडे चाळीस हजार रुपये ठेवले. ही माणसं त्या काळी प्रत्येक चाळीच्या आसपास असत. पांढरा सदरा, पानाचा डबा, सत्यनारायणाला पहिल्या रांगेत. दामदुप्पट, पाच वर्षांत. बाबांच्या आधी खालच्या मजल्यावरच्या दोघांना व्याज मिळालंही होतं, म्हणून विश्वास. मग एका दिवाळीनंतर तो माणूस मुंबईतून नाहीसा झाला. बाबांनी आरडाओरडा केला नाही, पोलिसांत दोन खेपा घातल्या आणि सोडून दिलं. आईच्या पाटल्या त्या वर्षी गेल्या. पण पुढची बारा-तेरा वर्षं बाबा त्या माणसाला विसरले नाहीत. रस्त्यात पांढरा सदरा दिसला की त्यांची मान वळायची. तो भेटला तर काय बोलायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. एकदा मोरीतून त्यांना ते पुटपुटताना मी ऐकलं: "साहेब, ओळखलंत का?" मग थोडं थांबून पुन्हा, वेगळ्या आवाजात.

आणि तो भेटला. गोरेगावला, एका लग्नात. बाबा पंगतीतून उठून त्याच्यापाशी गेले. मी मागे होते. बाबा काही बोलायच्या आधीच त्याने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "या या! मुलीकडचे ना? जेवलात का?"

बाबा म्हणाले, "हो, जेवलो."

येताना टॅक्सीत ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मी चिडून काहीबाही बोलत होते, तुम्ही सोडलंत कसं वगैरे. माहीमच्या जवळपास ते म्हणाले, "अगं, तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवलं नाही." पैशांबद्दल ते त्यानंतर कधी बोलले नाहीत. पांढऱ्या सदऱ्यांकडे मानही वळेनाशी झाली. मला ते बरं लक्षण वाटलं होतं. काझचं पान वाचेपर्यंत तसंच वाटत होतं.

बाबा आता नाहीत. असते तरी मी त्यांना हे पुस्तक वाचून दाखवलं असतं की नाही, सांगता येत नाही.

छकुलीचं म्हणणं, मी उगाच जड करते. तिला या सगळ्यात आवडते ती सबेथा. लिंचच्या तिसऱ्या पुस्तकात, 'द रिपब्लिक ऑफ थीव्ज'मध्ये, ती अखेर समोर येते. लॉकच्याच टोळीत वाढलेली, त्याच्याइतकीच तयारीची, त्याचं तिच्यावर लहानपणापासून प्रेम. आणि दोघांना एकाच शहराच्या निवडणुकीत दोन विरुद्ध पक्षांनी भाड्याने घेतलंय. प्रेमपत्रं म्हणून ते एकमेकांवर डाव टाकतात. दुसरं पुस्तक २००७ चं, हे आलं २०१३ ला. पाच वर्षं आम्ही दोघी सबेथाची वाट बघत होतो, आणि चौथ्या पुस्तकाची अजून बघतोय. मुंबईत राहिल्याने वाट बघायची सवय आहे. मेट्रोचीही बघितलीच.

मला कुणी विचारतं, या गोष्टी परक्या देशांतल्या, तुमचा काय संबंध? अहो, आमच्या गिरगावात दरवर्षी भर रस्त्यात दरोड्याची रंगीत तालीम होते. उंचावर लोण्याचा ऐवज टांगलेला, खाली टोळी, प्रत्येकाचं काम ठरलेलं. तळाला खांदेवाले, मधे बारीक अंगाचे, सगळ्यात वर एक चिमुरडं पोर. चोरी करणारा देव आणि त्याचा उत्सव! तिथेही माझी नजर फुटणाऱ्या हंडीवर नसते. काही पथकं येतात, थर लावतात आणि हंडीला हात न लावता तसेच उतरतात. त्याला सलामी म्हणतात. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर रचले, ४३.७९ फूट, गिनेसमध्ये नोंद झाली. असे थर चढत असताना बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या पथकाच्या पोरांचे चेहरे बघावेत. हरावेत असं वाटतंय आणि पडू नयेत असंही वाटतंय. आठवा थर उभा राहिला की सगळ्यात आधी टाळी तिथूनच येते. त्यांच्याच खांद्यांना माहीत असतं ते वजन.

आता पुस्तकाचं. गेल्या सोळा-सतरा वर्षांत ते कितीदा इकडून तिकडे गेलं, हिशेब नाही. मी गिरगाव सोडून भांडुपला आले, ती बोरिवलीला. नियम न ठरवता ठरत गेले. मागायचं नाही. विचारायचं नाही. गेलं तर बोंब मारायची नाही. एकदा मी ते तिच्या घरून गणपतीच्या मोदकांच्या डब्याखाली ठेवून आणलं. तिने ते परत नेलं माझ्या लेकीच्या दप्तरातून, लेकीला कॅडबरी देऊन. सध्या, म्हणजे मला वाटत होतं त्याप्रमाणे, ते माझ्याकडे होतं. दुसऱ्या खणात, डावीकडून चौथं. येताजाता दिसायचं, बरं वाटायचं.

दिवाळीच्या साफसफाईला खण रिकामा केला आणि पुस्तक हाताला जड लागलं. उघडलं. आत आयकराची जुनी मार्गदर्शिका. वर पुस्तकाच्या मुखपृष्ठाची आणि कण्याची रंगीत प्रत, इतकी बेताने चिकटवलेली की कडेला डिंकाचा थेंब नाही. मूळ पुस्तकाचा कोपरा दुमडलेला होता, तो इथेही दुमडलेला. कण्यावर चहाचा डाग होता, तो छापलेला नव्हता. खऱ्या चहाने पाडलेला होता. शर्विलकाचा पुतळा! भोकातून आधी आत सरकवलेला.

आत एक चिठ्ठी होती. टेरी प्रॅचेटच्या कादंबऱ्यांत अंख-मॉरपॉर्क शहराच्या राज्यकर्त्याने चोरांच्या संघाला परवाना देऊन टाकलाय. वर्षाला किती चोऱ्या व्हायच्या ते ठरलेलं, आणि लुटल्यावर चोर रीतसर पावती देतो. चिठ्ठीवर छकुलीच्या हिशेबनिसाच्या अक्षरात: 'पावती. माल: नग एक. मालकास इजा: नाही. चालू वर्षाचा कोटा: पूर्ण.' खाली तारीख. गोकुळाष्टमीची. त्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला होती आणि मी तिला दहीपोह्यांचा डबाही भरून दिला होता.

म्हणजे दिवाळीपर्यंत मी रोज त्या आयकराच्या पुस्तकाकडे समाधानाने बघत होते. त्याची लाज वाटली, पण ती नंतर. आधी मी जमिनीवर बसून तो चहाचा डाग निरखला. मूळच्या डागाला वर एक लहान शेपटी होती. तीही होती.

मी तिला फोन केलेला नाही. तीही विचारत नाही, पण हल्ली बोलता बोलता सारखं "मग, काय वाचतेस?" येतं, आणि पुढे एक लहानशी शांतता. दिवाळी होऊन महिना होत आला, जीव चाललाय तिचा. मी "काही नाही गं, वेळच होत नाही" म्हणते.

तिच्या घराची जादा किल्ली मावशीकडे असते. रविवारी मी मावशीला साडी घेऊन जाते आहे.